खोली कुनाच्या नावावर

आमचं मूळ गाव विचाराल तर मला सांगता यायचं न्हाई बाई, कुठल्या राजाच्या फौजेमागनं आमची मानसं इकडं आली असं सासरे सांगायचे, तिकडं आता कोन उरलंय काय ठाऊक, मी जलमले बेंगळुरात, लगीन बेंगळुरात, मरनार बी इथंच. धंदा शिवनकामाचा. माझे मालक वकिलांचे काळे कोट शिवायचे, कोर्टातले कितीतरी वकील आमच्या समोरच्या खोलीत हात पसरून उभे राहून माप देऊन गेलेत.

तुम्ही बसा, मी उभीच बरी. मला एका जागी बसवतच न्हाई, आल्यापासनं बघताय ना, दाराशी जाते, परत येते, चुलीपाशी जाते, कशाला आले ते इसरते.

ह्याचं कारन माझी सासू. म्हनजे तिचा काही दोष न्हाई, बिचारीचं एक अंग गेलं आनि ती आठ वर्षं अंथरुनात होती. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं मीच. हिला कोन बघनार असं कुनी ठरवलं न्हवतं, सून हाय ती बघनार, झालं. पन मी केलंय म्हनून मला ठाऊक हाय ते काय असतं, आनि तेव्हापासनं डोक्यात एकच किडा, काय सांगू तुम्हाला, माझी कूस कोन बदलनार.

मालक गेले तेव्हा वारसाहक्काचा नवा कायदा नुकताच आला होता. तीन पोरं घराच्या वाटन्या करायला बसली, तर मालकांचे एक जुने गिऱ्हाईक, वकीलसाहेब, कानडीच ते, दुखवट्याला आले होते, ते म्हनाले अज्जी, घर तुमच्या नवऱ्याच्या कमाईचं, आता त्यात पोरांच्या बरोबरीनं तुमचा वाटा हाय, निस्तं जेवनखान न्हाई. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. वाईट न्हाईत हो माझी पोरं, पन त्यांनी आईला वाट्यात धरलंच न्हवतं. मग मला ही समोरची रस्त्याकडची खोली मिळाली, मागं तिघांच्या तीन चुली.

धाकटा विमानाच्या कारखान्यात जातो, हुशार, तो म्हनला आई, बक्षीसपत्र करून खोली माझ्या नावावर टाक, मी बघतो की तुला. मी गेले वकीलसाहेबांकडं. ते म्हनले अय्यो अज्जी, बक्षीस दिलं की खोली आजच गेली, मृत्युपत्र करा, तुम्ही हाय तवर खोली तुमची, आनि मन बदललं तर दुसरं करता येतं. सरी, बरं म्हनलं, लिहा, जी सून मला शेवटपर्यंत बघंल तिला खोली. ते हसले. असं नुसतं लिहून भागत न्हाई, उद्या तिघी म्हनतील मीच बघितलं, नाव सांगा. आता नाव कुठनं सांगू? म्हनलं स्वल्प थांबा, जरा बघून सांगते.

आनि घरी येऊन मी काय केलं, तर तिघी सुनांना बसवून सगळं सांगून टाकलं. जी बघंल तिची खोली, नाव अजून घातलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासनं बघा, थोरली सकाळीच कॉफी घेऊन हजर, तिचा पेला ठेवते न ठेवते तोच धाकटी दुसरी कॉफी घेऊन. दुपारी दोन घरचं सारू-भात, आमटी-भातच तो. रात्री एक पाय हिच्याकडं, एक तिच्याकडं. मधली, तुळसा, ती जिभेची फाटकी, एरवी दिवसातनं चार वेळा माझ्यावर खेकसायची, ती सुद्धा गोड बोलायला लागली, आत्या पानी देऊ का, आत्या उशी देऊ का. शेजारनी म्हनायच्या काय भाग्य! मला झोप न्हाई. पूर्वी सुनेनं पानी दिलं तर मी पानी प्यायची. आता पेला हातात घेतला की वाटायचं, हे मला दिलं का खोलीला? नातू येऊन गळ्यात पडला तर वाटायचं, ह्याला कुनी पाठवलं? नातवाचा संशय घ्यायला लागले बाई मी! पोटचं पोर आजारी पडावं तसं जिवाला लागलं माझ्या.

महिनाभर सोसलं. मग एक दिवस चपला घातल्या आनि चालत वकीलसाहेबांकडं गेले, म्हनलं लिहा, तिन्ही पोरांना सारखी, कुनाला जास्त न्हाई कमी न्हाई. ते म्हनले अज्जी, मग तुमच्याकडं बघनार कोन, त्याचं काय? म्हनलं ते तुमच्या कागदात मावत न्हाई. फक्त एक लिहा, मी जिवंत हाय तवर मला ह्या खोलीतनं कुनी उठवायचं न्हाई. ते म्हनले त्याला लिहायला कशाला पायजे, खोली तुमचीच हाय.

घरी येऊन तिघींना सांगितलं. संध्याकाळी कॉफी आली न्हाई, थोरलीकडनं न्हाई, धाकटीकडनं न्हाई. मी खाटेवर बसून, आता आपनच आपलं वाटोळं केलं म्हनून रडू यायला लागलं, तर तुळसा तनतनत आली, तिच्या नवऱ्यानं शिवलेला एक कोट माझ्या मांडीवर फेकला आनि म्हनली, आत्या, हातपाय धड हायत ना, मग बसलाय काय नुसत्या, काजं करा ह्याची, उद्या गिऱ्हाईक येनार हाय, आनि जेवायला आत या, इथं ताट आनून द्यायला मी रिकामी न्हाई.

काय सांगू तुम्हाला, किती दिवसांनी खेकसली ती माझ्यावर. मी डोळे पुसले, सुई ओवली.

पुढं अंथरुनाला खिळले तर कोन बघंल, आजही ठाऊक न्हाई, म्हनून तर ह्या येरझारा. बघतील त्यांचं भलं होवो, न बघनाऱ्यांचं बी होवो, लेकरं माझीच हायत. पन पानी मात्र मी आता पोटभर पिते.