सुरुवात करणाऱ्याचं नाव

व्हर्ना : शेंगा खायच्या आहेत की नुसत्या चिरडायच्या आहेत? पिशवीचा पार लगदा केलास.

लायमन : तुझं लक्ष शेंगांत. इकडे शर्यतीत तो टेट माझी गाडी सरळ पट्ट्यात भिंतीला खेटून पळवतोय.

व्हर्ना : खेटून पळवतोय आणि चौथा आहे. तू चालवत होतास तेव्हा सोळावा होतास.

लायमन : मोडक्या बरगड्यांनी सोळावा होतो. पट्टे आवळले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याला काय, ठणठणीत आहे तो.

व्हर्ना : म्हणूनच पहिला पिवळा झेंडा पडून गाड्या संथ झाल्याबरोबर तुला खिडकीतून बाहेर ओढला आणि टेटला आत कोंबला. ठरलंच होतं ना तसं?

लायमन : ठरलं होतं. बघताना इतका त्रास होईल हे ठरलं नव्हतं.

व्हर्ना : अरे, पण ज्यानं सुरुवात केली त्याचंच नाव लागतं. नियमच आहे. टेट जिंकला तरी 'लायमन सग्ज जिंकला' असंच पुकारणार. गुण तुला, कप तुला. मग तुझ्या पोटात का दुखतंय?

लायमन : पोटात नाही, बरगडीत दुखतंय.

व्हर्ना : बरगडी उजवीकडची आहे. तू हात डावीकडे धरलायस.

लायमन : बरं, जळतोय मी. हेच ऐकायचं होतं ना? एकोणीस वर्षं झाली या धंद्यात. पुलापलीकडच्या मैदानावर जिंकलो, डोंगरातल्या मैदानावर जिंकलो, आणि आपल्या गावच्या या मैदानावर एकदाही नाही. दुसरा आलो, तिसरा आलो, एकदा शेवटच्या फेरीत टायर फुटला. आणि हे कालचं पोर माझ्या आसनात बसून, माझ्या माणसांनी लावलेल्या टायरांवर... आयत्या बिळावर नागोबा.

व्हर्ना : टोचत असेल त्याला ते आसन. तुझ्या अंगाच्या मापानं ओतलंय, ढेरीसकट.

लायमन : टोचू दे.

व्हर्ना : तिसरा आला बघ. लोक कसे ओरडतायत.

लायमन : माझ्यासाठी कधी असे ओरडले नाहीत.

व्हर्ना : ओरडले होते की. टायर फुटला तेव्हा.

लायमन : तेवढं बरं आठवतं तुला. थांब, हेडफोनवर टेट बोलतोय.

व्हर्ना : गंमत केली. आता काय झालं? हेडफोनवर काय म्हणतोय तो? तुझं तोंड का असं झालं?

लायमन : मलाच विचारतोय. 'लायमनकाका, तिसऱ्या वळणावर गाडी सटकते. तुम्ही काय करता इथे?'

व्हर्ना : मग सांग की. ऊन कललं की प्रेक्षकांच्या स्टँडची सावली आधी भिंतीकडच्या डांबरावर पडते. तिथला रस्ता गार होतो, टायर धरून राहतात. म्हणून तिथे वरून, भिंतीच्या बाजूनं जायचं. मी शाळेची बस चालवणारी बाई, मलासुद्धा पाठ झालंय ते.

लायमन : ते कळायला माझी उमेदीची वर्षं गेली.

व्हर्ना : आणि कळून उपयोग काय झाला?

लायमन : सावली पडेपर्यंत दरवेळी गाडीचं काहीतरी मोडलेलं असायचं.

व्हर्ना : आज नाही मोडलेलं. माईकचं बटण दाब. कप तुझ्याच कपाटात येणार आहे, शहाण्या.

लायमन : गाडीचे मालक कुठे उभे आहेत बघ. आज माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्यांनी. टेट जिंकला तर कप माझ्या कपाटात येईल आणि गाडी त्याच्याकडे जाईल.

व्हर्ना : आणि हरला तर?

लायमन : तर लोक म्हणतील, गाडीच तसली होती. बिचारा लायमन.

व्हर्ना : 'बिचारा लायमन' ऐकून माझे कान किटलेत. दाब बटण.

लायमन : दाबतो. ही फेरी जाऊ दे.

व्हर्ना : गेली.

लायमन : आणखी एक.

व्हर्ना : लायमन, तो विचारून थांबलाय.

लायमन : दाबतोय, दाबतोय. टेट, ऐक. तिसऱ्या वळणावर... थांब.

व्हर्ना : आता काय?

लायमन : तो वर गेला. सावलीत. आपला आपणच गेला.

(शर्यत संपली आहे. कप द्यायच्या मंचामागे टेट घामानं निथळत उभा आहे. लायमनच्या अंगावरचा पोशाख केव्हाच वाळला आहे.)

टेट : अभिनंदन, लायमनकाका.

लायमन : कसलं?

टेट : जिंकलात ना. तुमचंच नाव पुकारलं. आमचे बाबा वरच्या रांगेत बसले होते, व्हर्नाकाकू. माझी पहिलीच जीत... म्हणजे, पहिली असती. ते टाळ्या वाजवायला उठले, नाव ऐकलं आणि खाली बसले. मी गाडीतून बघत होतो.

व्हर्ना : नियमच तसा आहे रे बाळा.

टेट : माहीत आहे, काकू. तक्रार नाही माझी. म्हणजे आहे, पण बोलायची नव्हती. उतरताना काकांचा राग आला. म्हटलं, इथे भिंतीशी बसून शेंगा खाल्ल्या आणि... माफ करा. डोकं तापलंय उकाड्यानं, काहीच्या बाही बोलतोय.

लायमन : बोल, बोल. मला बरं वाटतंय.

टेट : एक विचारू? तिसऱ्या वळणावरच्या सावलीचं तुम्हाला माहीत होतं?

व्हर्ना : टेट, आधी गार चहा घे थोडा.

लायमन : माहीत होतं.

टेट : मग मी विचारलं तेव्हा... माईक बिघडला होता का?

लायमन : माईक चांगला होता.

टेट : पण मी पहिला आलो तरी तुम्हीच जिंकणार होतात. तुम्हाला जिंकायचं नव्हतं?

लायमन : मला जिंकायचं होतं. तू जिंकायला नको होतास.

टेट : पण दोन्ही एकच होतं ना.

लायमन : तोच तर घोळ झाला.

व्हर्ना : चला, निघालं एकदाचं बाहेर. टेट, तुला रागवायचं असेल तर रागव. मी मध्ये पडणार नाही.

टेट : रागावलो असतो, काकू. पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? शेवटच्या फेरीत वाटलं, वेग सोडावा. दुसरं यावं. दुसऱ्याच्या नावासाठी कशाला मरायचं?

लायमन : मग सोडला का नाहीस?

टेट : पाय ऐकेना.

लायमन : हं. माझाही ऐकला नसता.

व्हर्ना : फोटोवाले खोळंबलेत. मालक पण हात करतायत. कुणीतरी एक जा बाबांनो.

टेट : तुम्ही जा, काका. कप तुमचा आहे.

लायमन : इतकी वर्षं त्या पायऱ्या चढायच्या म्हणत होतो. आता पाय उचलत नाही. आयत्या बिळावर नागोबा कोण झाला, कळलं ना व्हर्ना?

व्हर्ना : मी काही बोलले का?

लायमन : बोलली नाहीस, तेच जास्त लागलं. टेट, कूस दुखतेय?

टेट : डावीकडे सोलून निघालंय. तुमचं आसन... तुमच्या मापाचं आहे, काका.

लायमन : उद्या कारखान्यात ये. तुझ्या मापाचं ओतून घेऊ. पुढच्या रविवारी सुरुवात तू कर.

टेट : मी? मग तुमचे गुण? यादीत खाली जाल तुम्ही.

व्हर्ना : लायमन, विचार करून बोल. मालकांना हेच हवं असेल.

लायमन : म्हणून तर त्यांच्या आधी मी बोलतोय. आणि हे बघ टेट, लायमनचं मन फार मोठं म्हणून गावभर सांगत सुटू नकोस. तू भिंतीला गाडी घासलीस तर मी इथे बसून हसणार आहे.

टेट : मग देताय कशाला?

लायमन : आज तुझ्यावर धड जळताही आलं नाही, जिंकलेला मीच होतो. पुढच्या वेळी तुझ्या नावावर जिंक. म्हणजे मला मोकळेपणानं जळता येईल.