लांब जायचं नाही, आत जायचंय!

अहो, दहा किलोमीटरवर ऐकू जाऊन मी करू काय? सांगा ना! मी पडलो हॉटेलातला प्लंबर, माझं जग म्हणजे वर गच्चीतली टाकी आणि खाली तळघरातला पंप, मधे नऊ मजल्यांचं काँक्रीट, आणि आमचे मॅनेजरसाहेब हातात नवाकोरा वॉकीटॉकी नाचवत सांगतायत, "दहा किलोमीटर! माझ्या मित्राच्या बोटीवर हाच आहे, व्हीएचएफ बँडचा, किनाऱ्यावर शिंकलं तरी बोटीत ऐकू येतं!" अहो, पण बोटीला नऊ मजले असतात का?

आता आमच्या वहिनी. सख्ख्या भावाची बायको, घरी वहिनी आणि हॉटेलात देखभाल विभागाच्या प्रमुख, म्हणजे माझ्या साहेब... दोन्हीकडे मी खालीच! त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, उघड्यावर व्हीएचएफ उत्तमच. पण इथे भिंती, लोखंड, लिफ्ट. इथे यूएचएफ बरा, त्याच्या लहरी आखूड, दारा-जिन्यांतून वाट काढत शिरतात. आपल्याला लांब जायचं नाही, आत जायचंय!"

साहेब हसले. "मॅडम, यूएचएफच्या खोक्यावर पाचच किलोमीटर लिहिलंय. पाच मोठे की दहा?"

घ्या! खोक्यावरचा आकडा जिंकला!

संध्याकाळी चाळीस व्हीएचएफची ऑर्डर जाणार म्हणजे जाणार. वहिनींनी काय केलं, दुकानातून यूएचएफची एक जोडी नुसती बघायला म्हणून मागून आणली, एक स्वतःकडे ठेवला, दुसरा माझ्या खिशात कोंबला. "भावजी, राहू द्या. दुपारी इमारतभर फिरून बघू." म्हणजे कमरेला साहेबांनी चाचणीला दिलेला, खिशात वहिनींचा... मी प्लंबर की पोलीस चौकी?

आणि तुम्हाला सांगतो, फिरायची वेळच आली नाही. दुपारीच तळघरात पाइप फुटला! गच्चीतल्या टाकीचा थेट खाली येणारा, हा एवढा जाड! पाणी असं उसळलं की माझी टोपी कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही, आणि समोरच अख्ख्या हॉटेलचं विजेचं पॅनल, आणि वर हॉलमध्ये डॉक्टरांची परिषद, आणि लिफ्टमध्ये माणसं... मोबाइलला तळघरात रेंज नाही. ओढला साहेबांचा वॉकी. "साहेब! वरचा व्हॉल्व्ह बंद करा!"

खर्रर्र... फस्स... "बरं!"

वरती साहेबांना काय ऐकू गेलं असेल? "वरचा... खर्रर्र... हॉल... बंद करा!"

आणि साहेब आज्ञाधारक हो! धावत हॉलमध्ये. तिथे एक मोठे डॉक्टर हृदय कसं जपावं ते सांगतायत, आणि हे ओरडतायत, "हॉल बंद! सगळे बाहेर!" खुर्च्या पडल्या, चहा सांडला, तीनशे हृदयं एकदम धडधडली! आणि मला खाली ऐकू येतंय, "खर्र... बंद केला!"

"साहेब, अजून येतंय!"

"छे छे, सगळे गेले!"

पाणी माझ्या गुडघ्याला. पॅनल वीतभर वर. खरं सांगू? मला पोहता येत नाही, आणि विजेच्या पाण्यात ज्याला येतं त्याचाही काय उपयोग? तेवढ्यात हात खिशाला लागला...

"वहिनी!"

"बोला भावजी."

अहो, जणू कानाशी उभ्या! खर्र नाही, फस्स नाही. "वहिनी, पाइप फुटला, गच्चीचा व्हॉल्व्ह!" "कुठला? लाल की निळा?" "लाल! उजवीकडे फिरवा!" आणि नुसता त्यांचा श्वास ऐकू येतोय, जिना चढतायत, दार ढकललं, जाम झालेला व्हॉल्व्ह कुरकुरतोय... आणि पाणी थांबलं! पॅनल कोरडं! मी त्या पाण्यात एकटाच नाचलो.

साहेब खाली आले, बूट भिजवत. मी यूएचएफ त्यांच्या हातात दिला. वहिनींचा आवाज आला, "साहेब, ऐकू येतंय?"

"मॅडम, कुठे लपलाय? बाहेर या!"

"गच्चीवर आहे, साहेब. म्हटलं होतं ना, लांब जायचं नाही, आत जायचंय!"

साहेबांनी तिथेच, पाण्यात उभं राहून ऑर्डर बदलली. चाळीसच्या चाळीस यूएचएफ! माणूस मनाचा मोठा, परत भरलेल्या हॉलमध्ये वहिनींना स्वतः व्यासपीठावर नेलं, म्हणाले, "आपले दिवे चालू आहेत ते यांच्यामुळे." तीनशे डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवतायत, वहिनी पदराने हाताचं ग्रीस पुसतायत, आणि मी मागे कमरेपर्यंत ओला, सगळ्यांत जोरात टाळ्या! बोटवाल्या मित्राचा फोन आला तर साहेब म्हणाले, "तुझा तुला बरोबर, माझा मला." मग वहिनींनी कोठीघर, धुलाईघर, लिफ्टची मागची बाजू, कोपरा न् कोपरा तपासला, परवाना काढला, आणि प्रत्येकाच्या कमरेला एकेक संच. आवाज असा, की बास!

बासच म्हणायचं. परवा जेवण झाल्यावर पंपामागे, पार आतल्या कोपऱ्यात, जरासा कुशीवर आडवा झालो. डोळा लागतोय न लागतोय तोच गदागदा हलवून उठवला बाहेरून धावत आलेल्या वॉचमनने... "काका, वहिनीसाहेबांनी पाठवलंय. म्हणाल्या, भावजींना सांग, झोपा खुशाल, पण वॉकीच्या बोलायच्या बटणावरून उठा. घोरणं नवव्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतंय."