खडीच्या ढिगावरची अंडी

...आणि वर बायको मलाच म्हणते, "अहो, खड्डा कुठे पळून जातोय?" तुम्हाला सांगतो, मी अंडी विकतो. सायकलवर. मागे ट्रे बांधलेले, आणि दारातच हा एवढा खड्डा! बाहेर पडलो की धाडकन्... चार गेली! आणि आमची बायको कोण? रस्ते दुरुस्तीची मुकादम! आहे की नाही दिव्याखाली अंधार?

शेवटी एकदाचा आमच्या रस्त्याचा नंबर लागला. पण ही पडली काटकसरीची! माझ्या शर्टाची पिशवी करते, पिशवीचं पायपुसणं. रस्त्याचंही तेच. "नव्या खडीसाठी आणखी एक डोंगर कशाला फोडायचा? जुनाच रस्ता खरवडून परत घालू." बरं बाई, घाल! पडला दारात खरवडलेल्या खडीचा ढीग. दोन-चार दिवसांनी रोलर आला, माणसं फावडी घेऊन उभी... आणि ही ओरडली, "थांबा! हात लावू नका!"

ढिगावर टिटवीची अंडी. चार!

म्हटलं, "अगं, उचलून बाजूला ठेव की." "हलवली तर ती बसायची नाही त्यांच्यावर." "आणि माझी रोज फुटतात, त्याचं काय?" तर म्हणते, "तुमची खायची आहेत, तिची उडायची आहेत. आणि खड्डा कुठे पळून जातोय?" रोलर परत!

आणि ती टिटवी! माझे ट्रे बघितले की तिला वाटायचं, मीच चोर! टिटिटिव करत थेट टाळक्यावर! मी वाकायचो, सायकल खड्ड्यात, चार गेली! शेजारी म्हणायचे, "अहो, हेल्मेट घाला!" घातलं! अंडी विकायला हेल्मेट! पण उन्हं चढली की हीच बया खड्ड्यातल्या पाण्यात पोट भिजवून अंडी गार करायला जायची हो... खोटं कशाला सांगू, जीव गलबलला. पाणी आटायला लागलं, तसा मीच खड्ड्यात बादली ओतायला लागलो!

आज सकाळी पिल्लं निघाली. चारही! ढिगावरून तुरुतुरु उतरली आणि जावीत कुठे? खड्ड्यात! पाणी प्यायला! तेवढ्यात रोलर हजर, ही फावडं घेऊन पुढे, "चला, आज भरूनच टाकू तुमचा खड्डा!" आणि काय सांगू... डोक्यावर हेल्मेट, हातात बादली, मी रोलरपुढे आडवा! माझ्याच तोंडून निघालं, "अगं, घाई काय आहे? खड्डा कुठे पळून जातोय?"

आणि मागे सायकल कलंडली... चार नाही हो, सगळी गेली!