न्हाणीघरातली दोरी

सन्माननीय अध्यक्ष गुणवंतरावजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या कांताबाई सिस्टर आणि आपल्या वृद्धाश्रमातील आजी-आजोबांनो, सर्वांना नमस्कार. मी निकेश, इथला अहेरीचाच. शाळा आठवीत सुटली. हैदराबादेत दवाखान्यांमधून नर्सला मदतीला बोलवायची बिनतारी बेल बसवतो.

बाईंच्या मायेबद्दल सगळे बोलले. त्यांनी खाल्लेल्या माराबद्दल कोणीच बोललं नाही.

गेल्या वर्षी इथली बेल मीच बसवली. न्हाणीघरातली ओढायची दोरी जमिनीला टेकायची, फरशी पुसताना काळी पडायची. मी ती कमरेइतकी ठेवून कापली. कौतुक झालं, अध्यक्षसाहेब, तुम्हीही केलं.

इथल्या भैयाजी आजोबांना कोण ओळखत नाही? तेंदूपत्ता तोडताना अस्वलानं त्यांच्या डोक्याची कातडी सोलली होती. डोक्यावर पाणी पडलं की त्यांना अजून अस्वलच दिसतं. त्या दिवशी बाईंनी तांब्या ओतला आणि त्यांनी लोखंडी बादली उचलली. पहिल्या घावात जबडा मोडला. दुसऱ्यात बाई खाली. मग ते मारतच राहिले, भिंतीवरचा बेलचा डबाही फोडला. डबा फुटण्याआधी रक्ताच्या पाण्यात पडून बाई दोरीसाठी हात वर करत होत्या. दोरी हातभर वर. स्वयंपाकाच्या शमसुन्निसाबाई गरम पाणी घेऊन आल्या, त्यांनी भैयाजींना मागून ओढलं, म्हणून आज हा सत्कार होतो आहे.

मी भेटायला आलो, तेव्हा तार बांधलेल्या जबड्यातून बाई म्हणाल्या, "दोरी काऊन कापली रे?"

"लटकत होती, बाई. बरी नोहती दिसत."

"मी तरी कुठी बरी दिसून राह्यली?"

भैयाजींना काही आठवत नाही. आज सकाळीही त्यांना बाईंनीच आंघोळ घातली. उद्यापासून ही नवी पुनम सिस्टर घालणार.

टेबलावर नव्या बेलचे दोन नमुने आहेत. अध्यक्षसाहेब, तुम्हाला मोठ्या पडद्याचा आवडला. निवडण्याआधी एकदा न्हाणीघरात फरशीवर आडवे व्हा, एक हात अंगाखाली दाबा आणि त्याची बेल वाजवून दाखवा. दुसरा साधा आहे, पण दोरी जमिनीपर्यंत आणि सिस्टरच्या गळ्यात एक बटण. तो मी सकाळी लावून पाहिला. बाई स्वतः खाली झोपल्या, दोरी ओढली. शमसुन्निसाबाई लाटणं घेऊनच धावत आल्या.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दोरीचं मात्र घालू नका. पुनमताई, ती कितीही काळी पडली तरी मलेसुद्धा कापू देऊ नका.