गोळ्या घरच्या, बैल सरकारचे

हॅलो?… हॅलो, हो, मी इंद्रभान वकीलच बोलून राह्यलो, वाशीमहून… कोन? जऊळक्याच्या जिनातून? मुनीमजी, रामराम. कापसाचा काही झगडा असन तं कचेरीत या… तुमचं काम नाई? मंग कोनाचं?… माही बहीन? अंजना? ते जिनात कायले आली?… द्या, द्या तिले फोन.

बोल अंजना… अवं, उलटा धरला असन. दोरीवालं टोक तोंडापाशी घे… हां. आता ओरडू नको. नुसतं ओरडून वाशीमले ऐकू येत असतं तं सरकारनं एवढे खांब कायले गाडले असते?

रडनं मांगून. आंधी सांग काय झालं… पकडलं? कोनाले?… जानरावले? आपल्या जावईबापूले?… कायच्यासाठी?

अफू.

पुन्हा सांग. घरात अफू सापडली. कोनाच्या घरात?… तुमच्याच. कुठं?… देवाच्या कोनाड्यात, हळदीच्या डबीत. वा! देवाले बी साक्षीत ओढलं म्हना.

किती होती?… मूठभर गोळ्या. मुगाएवढ्या… कोनासाठी व? तुह्या सासूच्या गुडघ्यासाठी?… खरं सांग. वकिलापाशी खोटं बोलायचं नसते. ते काम वकिलाचं हाय.

हं… निंदनाच्या दिवसात… हं… बाया वावरात जातात, लेकरू धुऱ्यावर रडते, वावरवाला म्हनते लेकरू तरी संभाळ नाईतं काम तरी कर… मंग सकाळी तुह्याकडून गोळी नेतात, लेकराले चाटवतात, अन् ते झोळीत संध्याकाळपर्यंत हूं का चूं करत नाई… मालूम हाय मले. आपल्या मायनं बी आपल्याले चाटवलीच असन. मी वकील झालो त्याचं दुसरं कारन मले तं सापडत नाई.

विकत नव्हती? मंग काय धरम करत होती?… अस्सं. तू गोळी द्यायची, अन् त्या आपल्या खुशीनं ज्वारी टाकून जायच्या… अवं ऐक ना. कायद्याले खुशी समजत नाई. इकून देलं, तिकून घेतलं, का झाली विक्री… रंगूबाईनं अंडं देलं तं ते बी चालते. प्रयागबाईनं कोंबडी आनून देली तं ते बी विक्रीच. कायद्याले कायचाच विटाळ नाई.

आनत कुठून होती?… वाशीमच्या ठेक्यावरून? म्हंजे सरकारी परवान्याच्या दुकानातून? अन् मंग गुन्हा कसा, असं विचारतं?… बराबर हाय, दुकान सरकारी. पन तू सरकार नाईस ना बाई. त्यानं विकली तं महसूल, तू विकली तं मुद्देमाल. अफू तेच, फक्त डबी बदलली.

पन त्याईले कळलं कसं?… मांगच्या बाजाराच्या दिवशी एक बाई आली. अनोळखी. कडेवर लेकरू, रडून रडून लाल… तुले दया आली… देली गोळी… अन् ते आबकारीच्या शिपायाची बायको निघाली.

लेकरू झोपलं का पन?… झोपलं ना? मंग निदान मालाबद्दल तक्रार नाई.

मुनीमजी तिथंच बसून हायत का?… त्याईले म्हना, कान इकडंच राहू द्या, फक्त मधात हूं म्हनू नका. मले वाटते तूच म्हनून राह्यली.

बरं, झडती झाली तवा जानराव कुठं होता?… विहिरीवर मोट हाकून राह्यलता. तसाच चिखलाच्या पायानं पळत आला. मंग? साहेबानं विचारलं, ही डबी कोनाची… अन् हा काय बोलला?

हळू सांग. एक एक शब्द सांग.

“या घराचा मालक मी हाय. माह्या हुकमाबिगर इथं चूल पेटत नाई. डबी माही, अफू बी माही.” … पंचायपुढं?… अंगठा बी लावून देला?

शाबास… नाई नाई, शाबासच म्हनतो. आपल्या इकडचा मानूस तो! घरात मीठ संपलं का ज्वारी, हे त्याले ताटावर बसल्याबिगर कळत नाई. पन दारात परका आला का घरातली मुंगी बी याच्याच हुकमानं चालते. “मले काही मालूम नाई साहेब”, एवढं म्हनला असता तं आज घरी भाकर खाऊन राह्यला असता. पन गावादेखत, माह्या घरात मले मालूम नाई, असं कसं म्हनन बाप्पा? त्यापक्षा तुरुंगात खडी फोडलेली बरी. तिथं इज्जत शाबूत राह्यते.

काय होईन म्हंजे? सजा होईन, नाईतं दंड, नाईतं दोनी. साहेबाले त्या दिवशी जेवन पचलं का नाई, त्याच्यावर हाय… डबी गेली समज… हो, हळदीसकट. लढाईपायी हळद महाग झाली हे कायद्यात लिहिलं नाई.

बैलबंडी कुठं हाय?… नेली?… बैल बी नेले. त्याचीच भीती होती मले. कसं हाय अंजना, वाशीमच्या बाजारात वांगे न्यायची ते बंडी, येतानी अफू आनायची ते बी बंडी. मंग अफू कोनी वाहिली? बंडीनं. बंडी कोनी ओढली? बैलायनं. सरकारजमा… त्याईनं काय गुन्हा केला ते मले नको विचारू. त्याईच्यासाठी वकीलपत्र बी घेता येत नाई, अंगठा कोन लावन? मोटेले तेच होते ना?… म्हंजे पानी बंद. मेथी, वांगे, सगळंच… हं. हं. रडू नको व.

पुढचं ऐक. विकनारा एक गुन्हेगार. घर ज्याचं अन् मालूम असून ज्यानं विकू देलं, तो दुसरा. एका घरात एवढी बरकत कमीच पाहाले भेटते.

उद्या सकाळी त्याले मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतीन… सोडवता येते. रस्ता हाय, पन तो तुह्या अंगावरून जाते. तू म्हनायचं, मी विकत होती. तो म्हनन, मले मालूम नव्हतं. तो भायेर, तू आत… अन् दोघंबी “मीच, मीच” करसान तं साहेब कोनाचंच मन मोडनार नाई. दोघायले बी नेईन.

भाऊ म्हनून विचारतं का वकील म्हनून?… भाऊ म्हनून विचारतं तं राहू दे त्याले तिथंच. एवढी मालक व्हायची हौस हाय तं होऊ दे. लगन झाल्यापासून त्यानं तुले कधी विचारलं का, अंजना, तू जेवली का म्हनून? त्या मूर्खानं…

काय?… पुन्हा सांग.

पायावर पाय देला? कोनाच्या?… तुह्या. तू बोलाले तोंड उघडलं, अन् यानं आपला चिखलाचा पाय तुह्या पायावर ठेवला… दाबून धरला… पंचायचे अंगठे होईपर्यंत?

म्हंजे त्याले सगळं मालूम होतं.

पह्यलेपासून?… तोच वळून द्यायचा गोळ्या?… “तुह्या लहानमोठ्या होतात, एखांद्या लेकराले जास्तीची जाईन”, असं म्हने?… हं.

नाई, बोलून राह्यलो ना, हाय मी. जावईबापूबद्दल आता जे बोललो ते त्याले सांगू नको… मूर्ख म्हटलेलं बी नको सांगू.

मंग तं तू गप्पच बस अंजना. त्यानं विचार करून केलं, त्याचं त्याले करू दे… काहून नाई?… तो आत गेला तं बागाईत मरते, अन् तू आत गेली तं जगते. मोट त्यालेच हाकता येते. अन् सासूले फक्त खाता येते… हे एवढं सगळं तू रडता रडता ठरवलं?… बैलाचं मी पाहातो. माह्या वावरातली जोडी पाठवीन. गुन्हा न केलेली.

पक्कं हाय?… पाहा बरं, मॅजिस्ट्रेटपुढं एकदा बोलली का मंग भाऊ बी काही करू शकत नाई, वकील बी… बरं. तू फक्त तुहं सांग. त्याचं विचारलं तं माय गेल्यासारखी गप्प उभी राह्य. आज संध्याकाळी मी इथल्या कोठडीत जाऊन त्याले समजावतो… ऐकन कसा नाई? पाय माह्याजवळ बी हायत.

लहानी? तुह्या तान्ह्या पोरीले कोनापाशी… संग न्यायची? हो, अंगावर पिते तवापर्यंत राहू देतात मायजवळ. सरकारची तेवढी मेहरबानी हाय. पन अंजना, तिले गोळीची सवय असन. तिथं गोळी कोन देईन? पोरगी रातभर…

नाई?

एक बी नाई देली?… कधीच?… दिवसभर रडते तरी?… काहून व?

अंजना?… काहून नाई देली, ते विचारतो.

हं.

रंगूबाईच्या नातवाले देत होती, प्रयागबाईच्या पोरीले देत होती. अन् आपल्या पोरीले नाई… बरं, नको बोलू. समजलं.

आता वकील बोलून राह्यला, नीट ऐक. उद्या सगळं सांगजो, पन हे नको सांगू. साहेब विचारन, तुह्या लेकराले देत होती का. म्हन, देत होती. अडानी माय, साऱ्या गावाची रीत, आपल्या लेकराले दे, दुसऱ्याच्या लेकराले दे. साहेब हळहळन, थोडक्यात सोडन. पन आपल्याले नाई देली म्हटलं का तुले अफू काय असते ते मालूम होतं. मंग तुले कोनी वाचवत नाई, मी बी नाई…

काय म्हनली?

तेच पह्यले सांगशीन?

अवं, मंग मले फोन कायले केला? वकील कायले पायजे तुले?… भाऊ पायजे.

बरं… बरं. सकाळच्या गाडीनं ये. मी ठेसनावर उभा राह्यतो. पोरीले घेऊन ये… रडन तं रडू दे. कोर्टात रडली तरी रडू दे. साहेबाले मी सांगीन काहून रडते ते.

ठेव आता.