दानेश्वरीचं नाटक

कोल्हापूर स्टँडवर गडहिंग्लजच्या एस्टीची वाट बघत होतो. शेजारी लेकीचं नाटक बघून आलेलं एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"मधनंच का उठून गेलासा?"

"निम्मं नाट्यगृह उठलं की. आपली दानेश्वरी अर्धा तास रिकाम्या पाटासमोर नुसतं ताट वाढतीया. ह्याला नाटक म्हणायचं?"

"बसलेली माणसं रडत हुती."

"रडू देत."

"आपला अमरेश वारल्यावर मी वरीसभर त्याचं ताट वाढलं. लेकीनं तेच दावलं. तुमास्नी कळलं न्हाय व्हय?"

"कळलं म्हणूनच उठलो."

"पोरगी विचारत हुती, अप्पांना आवडलं न्हाय व्हय? काय सांगू तिला?"

गाडी लागली. अप्पा जागचे हलले नाहीत.

"सांग तिला, अमरेशला भातावर आमटी चालत न्हवती. वाटीत येगळी वाढ म्हणावं."