मुनिरक्यातली गिरणी

आदरणीय अध्यक्षा सुखदाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, मयूर विहारच्या आपल्या मराठी मंडळाचे सभासद, मुनिरक्याहून मेट्रोत उभ्यानं आलेली मुलंमुली, आणि वाशीमहून येऊन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले तेजश्रीचे वडील मारुतीराव, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी विश्वनाथ, अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. हल्ली यूपीएससीच्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घेतो. आज जिला निरोप देतोय ती तेजश्री तीन वर्षांपूर्वी त्यासाठीच आली. छंद विचारला, तर म्हणाली, "सर, आवाज बनवते." म्हटलं, "अगं बाई, दिल्लीत आवाज काय कमी आहेत?"

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर नुसते चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. एका चौकोनात आवाज तयार होतो, दुसऱ्यात जाड होतो, तिसऱ्यातून स्पीकरला जातो. प्रोग्रामिंगच ते, पण लिहायचं कमी आणि तारा ओढायच्या जास्त. मी खूश! ही तर आमची फाईल, या टेबलावरून त्या टेबलावर! म्हटलं, मलाही शिकव.

आता सवय कुठे जाते? आमच्याकडे फाईल वर गेली की शेरा घेऊन खाली येणारच. मी शेवटच्या चौकोनाची तार गुपचूप पहिल्याला जोडली. आवाज स्वतःतच मिसळत, फुगत असा किंचाळला, की आमच्या सौभाग्यवती गिरिजाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. शेजारी दारात, "अंकलजी, सब ठीक है ना?" तेजश्री हसून हसून लोटपोट. म्हणाली, "सर, इथं फाईल परत पाठवायची नसते. पुढे जाऊ द्यायची."

यंदा तिचा तिसरा प्रयत्न हुकला. पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला ध्वनी संयोजनाच्या कामासाठी बोलावलं. मारुतीरावांचा मला फोन, "साहेब, तिला चौथ्यांदा बसायला सांगा." मी नाही सांगितलं. म्हणून ते माझ्यावर रागावलेत. रागावणारच, बाप आहेत. पण मारुतीराव, एकदा वर या. या हो, प्लीज! तेजश्रीच्या लॅपटॉपवरचं हे बटण दाबा.

ऐकलंत? पिठाची गिरणी! मारुतीरावांची. लहानपणापासून हिचा अभ्यास त्या घरघरीत झालेला. इथं दिल्लीत, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत काही सुचेचना. म्हणून हिनं गिरणी बनवली. रेकॉर्डिंग नाही बरं का, एकेक चौकोन जोडून, निव्वळ आठवणीनं.

काय म्हणालात? माईकवर बोला. "पट्टा ढिला वाजून राहिला"?

तेजश्री, तू बोल. "ढिलाच आहे, बाबा. तुम्ही बदलला कुठं?"

अहो, हसले! मंडळी, मारुतीराव हसले! आणि डोळे पुसतायत. मग मारुतीराव, जाऊ द्यायची ना पुढे? मान हलवली! सगळ्यांनी पाहिलंय हं.

आता आवरतं घेतो. अध्यक्षांचे, आपल्या सर्वांचे आणि वडे तळणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. बोलताना एखादी तार भलत्याच चौकोनाला जोडली गेली असेल, तर आपला माणूस म्हणून सोडवून घ्या.

मारुतीराव, गिरणी बंद करू? नको? बरं, राहू दे चालू.